फोंड्याचा वाइंडर आणि माझे संध्याकाळचे ३२ व्होल्ट

मोटारी-ट्रान्सफॉर्मरची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या या दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मेस्तनेच, म्हणजे तिथल्या कारागिरानेच, तशी ताकीद दिलीय. "नाव घातलंत तर आणखी दहा जण पंप घेऊन येतील आणि तुमचंच पुढचं काम लांबेल," म्हणाला. गोव्यात फोंड्याला वरच्या बाजाराच्या बाजूला मोटारी भरून देणारी दोन-तीन दुकानं आहेत. ज्याच्या दारात मिक्सरच्या मोटारींचा ढीग आणि आत भिंतीवर वार्निशचे ओघळ दिसतील, ते हे. पाटी अशी नाहीच.

माझं काम पंपाचं नव्हतं. साखळीच्या पुढे आमचं गाव. खाणीवर इलेक्ट्रिकलमध्ये होतो, २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसलो. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओ केंद्राचं, लायसन मात्र त्याच्या कितीतरी आधीचं. ८११ए जातीच्या दोन व्हॉल्व्हचा ग्राउंडेड ग्रिड लिनिअर, म्हणजे रेडिओची ताकद वाढवणारा अॅम्प्लिफायर, मी १९९८ साली हाताने बांधला, आणि तो परवाच्या जुलैपर्यंत चालला. त्या पावसात एका रात्री 'चट्' असा आवाज आला, जळक्या कागदाचा वास सुटला, आणि हायटेन्शनचा ट्रान्सफॉर्मर गेला. दमट हवेत २५ वर्षांचा कागदी इन्सुलेशनवाला ट्रान्सफॉर्मर आणखी काय करणार!

पण त्याच्या आधीची दोन वर्षं सांगितल्याशिवाय मेस्तचं मोल कळायचं नाही. संध्याकाळी ४० मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर बोलायला बसलो की कोल्हापूरचा एक मित्र हटकून सांगायचा, "अहो, तुमचा आवाज शेजारच्या दोन घरांत शिरतोय." म्हणजे स्प्लॅटर, आपल्या फ्रिक्वेन्सीच्या जागेबाहेर सांडलेला आवाज. एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धतीने बोलण्याला अडीचेक किलोहर्ट्झ जागा पुरते, माझा पसारा त्याच्या दुप्पट. सकाळी तोच मित्र म्हणायचा, आज छान. मी काय काय केलं? मायक बदलला. चिनी ८११एची नवी जोडी मागवली. कोल्हापूरवाल्याचा रिसीव्हर ओव्हरलोड होतोय, असाही निष्कर्ष काढला आणि त्याला तो ऐकवलाही. ज्या माणसाने खाणीवर जन्मभर दुसऱ्यांच्या मोटारींना व्होल्टमीटर लावला, त्याने स्वतःच्या शॅकमधल्या, म्हणजे रेडिओच्या खोलीतल्या, सॉकेटला दोन वर्षांत एकदाही लावला नाही.

बायकोला माहीत होतं. ती खोबऱ्याचं वाटप सकाळीच करून ठेवते. का, तर म्हणे संध्याकाळी मिक्सरात जीव नसतो, खोबरं भरड राहतं. हे मी वर्षानुवर्षं ऐकत होतो.

तर जळका ट्रान्सफॉर्मर गोणपाटात गुंडाळून फोंड्याला नेला. मेस्तने तो उचलून बघितला, हुंगला आणि कागदावर आकडे घ्यायला बसला. मी सांगितलं: प्रायमरी २३०, सेकंडरी १०५०, जसा होता तसा भरून द्या. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"तुमगेर सांजवेळार कितले व्होल्ट येतात?"

मी म्हटलं, येत असतील २२० वगैरे. त्यावर तो हसलाही नाही. "पयलीं तें बरोवन हाडात," म्हणजे आधी ते लिहून आणा, म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पंखा हातात घेतला. दुकानातून असं परत पाठवलं जाणं मला झोंबलं, खोटं कशाला सांगू. पण कदंबाच्या बसमधून परतताना मनात कुठेतरी खिळा ठोकल्यासारखं झालं होतं.

तीन दिवस वही घेऊन बसलो. पहाटे सहाला २३०, कधी २३४. दुपारी २१८. संध्याकाळी सातला १९८, आणि रात्री साडेनऊनंतर पुन्हा वर. आमचं घर लाइनच्या शेपटाला, मध्ये बागायतींचे पंप, वर आता घरोघरी एसी. ३२ व्होल्टचा फरक! आणि मी व्हॉल्व्ह बदलत बसलो होतो.

आता या ३२ व्होल्टनी लिनिअरचं नेमकं काय होतं, ते माझ्याच आकड्यांत सांगतो, कारण 'व्होल्टेज कमी म्हणजे पॉवर कमी, बास' असं समजणारे हॅम मी कमी पाहिले नाहीत. मीही त्यांतलाच.

सेकंडरी १०५० व्होल्ट, ब्रिज रेक्टिफायर, पुढे कपॅसिटर. सकाळी २३० व्होल्टवर बिनलोड व्हॉल्व्हच्या प्लेटला १४८५ मिळायचे. बोलताना शिखरावर ते १२९०पर्यंत उतरायचे. संध्याकाळी १९८वर बिनलोडच १२७८, आणि बोलताना ११००च्या आसपास. प्लेटवरचं आरएफ (रेडिओ लहरीचं) व्होल्टेज खाली जाताना व्हॉल्व्हला स्वतःसाठी दीडेकशे व्होल्ट शिल्लक लागतात. त्याच्या खाली प्लेट करंट प्लेटकडे न जाता ग्रिडकडे वळायला लागतो आणि शिखर चपटं होतं. म्हणजे सकाळी झोका घ्यायला ११४० व्होल्ट जागा, संध्याकाळी ९५०-९६०. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून शंभराला सत्तर.

चवथीला गणपतीच्या वर फळांची टांगती माटोळी बांधताना पाहिलंय ना? गणपती तोच, मखर तेच, पण लाकडी चौकट वीतभर खाली बांधली तर मुकुट नारळ-सुपाऱ्यांना टेकतो. मूर्ती काही आपणहून बुटकी होत नाही. माझी रिग, म्हणजे मूळ रेडिओ सेट, लिनिअरला संध्याकाळीही सकाळएवढाच ड्राइव्ह (आत जाणारा सिग्नल) देत होती, ट्यूनिंगही सकाळचंच, आणि वरची चौकट खाली आलेली. आवाजाचं प्रत्येक शिखर वर घासून चपटं. त्या चपटेपणातून तिसऱ्या आणि पाचव्या क्रमाचे इंटरमॉड्युलेशन, म्हणजे मूळ टोनांच्या मिसळणीतून उगवणारे नको ते टोन, तयार होतात. ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन टोन घातलेत तर ३१०० आणि ४३००लाही काहीतरी उगवतं, जे तुम्ही बोललेलाच नसता. शेजारच्या घरांत शिरणारा तो हाच.

आणि यात माझं शहाणपण असं की संध्याकाळी वॉटमीटर कमी दाखवतो म्हणून मी मायकाचा गेन वाढवायचो!

हे झालं वरच्या टोकाचं. खालच्या टोकाची गोष्ट मला जास्त आवडली, कारण ती मीटरवर रोज दिसत होती आणि मी दुर्लक्ष करत होतो. ८११एचा म्यू, म्हणजे वाढीचा गुणक, १६०. ट्रायोडमध्ये, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट एवढंच असलेल्या व्हॉल्व्हमध्ये, करंट ठरतो तो ग्रिडचं व्होल्टेज अधिक प्लेटच्या व्होल्टेजचा १६०वा भाग, या बेरजेवर, आणि तोही दीडव्या घाताने. माझ्या कॅथोडमध्ये ४.७ व्होल्टचा झेनर डायोड आहे, तो बायस, म्हणजे ग्रिडचं ठरावीक ऋण व्होल्टेज, देतो. सकाळी १४८५ भागिले १६० म्हणजे ९.३, वजा ४.७, उरले ४.६. संध्याकाळी १२७८ भागिले १६० म्हणजे ८, वजा ४.७, उरले ३.३. मेन, म्हणजे घरची वीज, उतरली तरी झेनर उतरत नाही, तो सगळा मार प्लेटच्या वाट्याला. दीडवा घात लावला की करंट जवळपास सहादशांश होतो. माझा आयडल करंट, म्हणजे न बोलताही वाहणारा, सकाळी ३० मिलिअँपियर आणि संध्याकाळी १८-१९, अगदी हिशेबात बसणारा. इतक्या कमी आयडलवर हळू बोललेला आवाजही वाकडा होतो, कारण व्हॉल्व्ह जवळजवळ बंद पडून पुन्हा सुरू होतो. वरून चेपलेला, खालून खरवडलेला.

तिसरी गोष्ट फिलामेंट. ६.३ व्होल्टच्या जागी ५.४. थोरिएटेड टंगस्टनला (थोरियम मिसळलेल्या तारेला) पाच टक्क्यांपेक्षा जास्त ढळ आवडत नाही. इथे चौदा टक्के. शिखरावर लागणारे इलेक्ट्रॉन तिथून यायचे कसे?

'स्टॅबिलायझर लावा ना' असं तुमच्या तोंडावर आलं असेल. माझ्याही आलं होतं. फ्रिजचा रिलेवाला लावून पाहिला: मधेच 'खट्' करून एकदम पायरी बदलतो आणि बोलता बोलता आयडलचा काटा उडी मारतो. सर्व्हो चांगला, पण त्यात मोटार व्हेरिअॅकचा ब्रश सरकवते. संध्याकाळची उतार-चढ ती सांभाळते. बोलण्याच्या शिखराशी मात्र तिला धावता येत नाही, शब्द संपल्यावर ती पोहोचते. आणि किलोवॉटचा सर्व्हो घेण्याएवढे पैसे मला त्या वेळी द्यायचे नव्हते.

वही घेऊन पुन्हा गेलो तेव्हा मेस्तने ती पूर्ण वाचली. मग जे सुचवलं त्यासाठी मी हा सगळा प्रपंच लिहितोय. प्रायमरीला चार टॅप, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी बाहेर काढलेल्या तारा: २००, २१५, २३०, २४५. सेकंडरी तीच, पण तार एक गेज जाड, म्हणजे लोडवर पडझड कमी. फिलामेंटचं वाइंडिंग या ट्रान्सफॉर्मरवर नकोच, त्याचा वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर. का, तर टॅप चुकून चुकीचा राहिला तर प्लेट थोडं सोसेल, फिलामेंट सोसणार नाही. व्हॉल्व्ह काय असतो हे त्याला फारसं ठाऊक नाही, पण काय आधी मरतं हे ठाऊक आहे. त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला मी खाणीच्या भंगारात घेतलेला जुना सीव्हीटी, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, जोडला, पूर्वी ऑफिसात कॉम्प्युटरला असायचा तो. ५० वॉटचं सरळ, न हलणारं लोड, त्याला तो उत्तम. अख्खा लिनिअर त्यावर टाकू नका. बोलण्यासारख्या चढउताराच्या लोडखाली सीव्हीटी मान टाकतो.

कामाच्या दर्जाबद्दल बोलायचं तर, हातमशीनवर घातलेले वेढे एकमेकांना चिकटून, एकही तार दुसरीवर चढलेली नाही. सेकंडरीच्या प्रत्येक थरानंतर मिलिनेक्सची प्लास्टिक फिल्म, कडेला मोकळी जागा सोडलेली, कारण १०५० व्होल्टमध्ये शेवटची तार घसरून खालच्या थराला टेकली की माझ्या जुन्या ट्रान्सफॉर्मरसारखं व्हायचं. वार्निशमध्ये बुडवून भट्टीत. जुना कोर त्याने वापरला, पण प्रत्येक पत्रा पुसून, गंजके बाजूला काढून. माझ्यासमोर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारं मीटर, लावून दाखवला.

आता तक्रारी. 'पंधरा दिवसांत' म्हणाला आणि दोन महिने लावले. मध्ये चवथ आली, ती मी धरत नाही. चवथीला गोव्यात कोण काम करतं. पण चवथीनंतरही महिना गेला. फोन उचलत नाही. तिसऱ्या फेरीला तर माझा ट्रान्सफॉर्मर एका शाळेच्या घंटेच्या मोटारीखाली दबलेला सापडला. त्या दिवशी दुकानात एक म्हातारे गृहस्थ जुना व्हॉल्व्ह रेडिओ घेऊन बसले होते. १९५५पासून १९६१च्या गोवामुक्तीपर्यंत सीमेवरच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो जे गुप्त रेडिओ केंद्र चालवत, ते त्यांच्या वडिलांनी याच सेटवर दार लावून ऐकलं होतं, असं त्यांनी सांगितलं. सेटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलेला. मेस्तने तो माझ्या आधी घेतला आणि मी काही बोललो नाही.

दुसरी तक्रार गंभीर. टॅपच्या चिठ्ठ्या उलट्या होत्या. २४५ची चिठ्ठी २००च्या तारेला आणि २००ची २४५च्या तारेला. मी नवा ट्रान्सफॉर्मर थेट कधीच लावत नाही: आधी प्रायमरीला बारा व्होल्ट एसी देऊन सेकंडरी मोजतो, मग करंट अडवायला सिरीजमध्ये बल्ब. बारा व्होल्टवरच गणित जुळेना. जो टॅप २४५ म्हणत होता त्यावर सेकंडरीत ५१ऐवजी ६३ व्होल्ट दिसले. तपासलं नसतं आणि सकाळी चढ्या मेनवर 'सुरक्षित' म्हणून तोच टॅप लावला असता तर काय झालं असतं ते पुढे येईलच. मेस्तला सांगितलं तर कान पकडून म्हणाला, चिठ्ठ्या पोरग्याने लावल्या. लावू दे, पण शेवटची नजर तुझी हवी. दीड हजारांच्या वर व्होल्ट असलेल्या वस्तूत 'पोरग्याने लावलं' हे उत्तर चालत नाही.

आता निकाल. म्हापशात एक मित्र आहे, त्याच्याकडे एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला जोडायचा रिसीव्हर) आणि बरीच फुरसत. मेमध्ये, जुना ट्रान्सफॉर्मर जिवंत असताना, आम्ही दोन टोनची परीक्षा घेतली होती: संध्याकाळी तिसऱ्या क्रमाचा उपद्रव मूळ टोनपेक्षा फक्त २१ डेसिबल खाली, सकाळी २९. आता २०० टॅपवर, संध्याकाळी, तोच ड्राइव्ह, तोच अँटेना: ३१. सकाळी २३० टॅपवरही ३१. सकाळच्यात फक्त दोनाची भर, ती जाड तारेची; पूर्वी १२९०पर्यंत उतरणारं प्लेट व्होल्टेज आता १३९०वर थांबतं. खरा फरक संध्याकाळचा. कोल्हापूरवाल्याने काही न सांगता माझ्या पहिल्याच बोलण्यानंतर विचारलं, "नवीन रिग घेतली?" त्याच्या रिसीव्हरबद्दल जे बोललो होतो त्याची माफी मागून टाकली.

मग हे सगळं न करता भागलं असतं का? थोडंफार भागलं असतं, आणि हे लपवणं बरं नाही. शंभराची सत्तर पॉवर म्हणजे दीड डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर पाव एस युनिट (सिग्नलच्या जोराचं माप). ऐकणाऱ्याला कळतही नाही. संध्याकाळी ड्राइव्ह तेवढा उतरवला आणि लोडिंग नव्याने जुळवलं असतं, तर वरचं चपटेपण फुकटात गेलं असतं. ट्रान्सफॉर्मर धडधाकट असलेल्यांनी आधी हेच करावं. मात्र आयडल आणि फिलामेंट यांचं दुखणं गेन कमी करून जात नाही, आणि माझा ट्रान्सफॉर्मर तसाही जळलेला होता.

मडगावचा एक मित्र म्हणतो, तुझे ट्रायोड, म्हणून ही कटकट. त्याच्याकडे ८०७ या टेट्रोडची जोडी आहे. टेट्रोडमध्ये, म्हणजे स्क्रीन नावाची आणखी एक ग्रिड असलेल्या व्हॉल्व्हमध्ये, प्लेटचं व्होल्टेज हललं तरी करंट फारसा हलत नाही हे खरं, पण तिथे स्क्रीन हलली की सगळं हलतं. त्याने स्क्रीनला ०डी३च्या दोन रेग्युलेटर ट्यूब सिरीजमध्ये लावल्यात, १५० अधिक १५०, जांभळा उजेड देत बसलेल्या. त्याच्या स्क्रीनवर आमच्या संध्याकाळचा परिणाम होत नाही. प्लेटची चौकट मात्र त्याचीही खाली येतेच. तो ती मोजत नाही, एवढंच.

टॅपचा तोटाही सांगून टाकतो. टॅप माणसाने बदलायचा असतो आणि माणूस विसरतो. नोव्हेंबरात एका रात्री २००वर ठेवून झोपलो, सकाळी मेन २३४. स्विच दाबला, प्लेटचा काटा १७३०च्या पुढे. माझ्या फिल्टरमध्ये ४५०चे चार कपॅसिटर सिरीजमध्ये, एकूण १८००. हात स्विचवरच होता म्हणून निभावलं. फिलामेंट वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर असल्यामुळे व्हॉल्व्हना काही झालं नाही. मेस्तचं म्हणणं तेव्हा पटलं. आता टॅपच्या स्विचवर लाल रिबन बांधलीय आणि मेनचा व्होल्टमीटर पॅनेलवर, प्लेट मीटरच्या शेजारीच आणलाय. बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर तर हवाच. तो नसेल तर मेस्तकडे जाण्याआधी तो लावा.

खर्च: मोठा ट्रान्सफॉर्मर ८,६०० रुपये, छोटा १,४००, तांब्यासकट. बिल मागितल्यावर सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर लिहून दिलं. काम नऊ मार्कांचं, वेळ तीनची, चिठ्ठ्यांना शून्य. फिल्टरची चोक कॉइलसुद्धा भरून दे म्हटलंय, शिखरावरची उरलीसुरली पडझड कमी होते का बघायला. त्याने 'पंधरा दिवस' सांगितलेत.

जायचं असेल तर सकाळी दहानंतर. दुपारी एक ते चार दुकान बंद. घरच्या व्होल्टेजची तीन दिवसांची वही आधीच घेऊन जा, एक फेरी वाचेल. आणि पावसात गेलात तर ट्रान्सफॉर्मरवर प्लास्टिक घाला, छत्री तुमच्यासाठी.